टूवूंबा ते सिडनी, तळणीच्या तेलावर

ऑस्ट्रेलियाला जाऊन आले असं सांगितलं की लोक आधी कांगारूंबद्दल विचारतात. कांगारू मी पाहिले, बरेचसे रस्त्याच्या कडेला मरून पडलेले. त्यापेक्षा किती तरी जास्त वेळ मी तेल पाहिलं. मासे आणि बटाटे तळून काळपट झालेलं, ड्रममधून पिशवीत आणि पिशवीतून टाकीत जाणारं, थंडीत वनस्पती तुपासारखं थिजणारं तेल. महिनाभराच्या मुक्कामातले सहा दिवस त्या तेलाने खाल्ले. तो देश फार सुंदर आहे, जरूर जाऊन या. फक्त ज्या गाडीत बसणार ती कशावर चालते, हे आधी विचारून घ्या. मी विचारलं नव्हतं.

गाडी कुंदाची. कुंदा आणि मी मुंबईत नर्सिंगला एकत्र होतो, होस्टेलच्या एकाच खोलीत तीन वर्षं. पुढे मी पुण्यात राहिले. ती लग्न होऊन ऑस्ट्रेलियात गेली आणि टूवूंबा नावाच्या गावातल्या हॉस्पिटलात तिने सगळी नोकरी काढली. आता दोघीही निवृत्त, दोघींचेही नवरे गेलेले. तिची मुलगी मनीषा सिडनीत क्वेकर्स हिलला असते, तिथून गाडीने दीड दिवसाच्या अंतरावर. मी निघायच्या आठवडाभर आधी मनीषाचा मला फोन आला. फोनवर आई ठणठणीत वाटते, पण शेजारचे बॅरी म्हणून एक म्हातारे शेतकरी आहेत, त्यांनी दोनदा कळवलं की तुझी आई हल्ली विसरते. एकदा नळ चालू राहून परसात तळं झालं होतं.

"मावशी, तू नर्स होतीस, आणि तिला तुझ्याइतकं जुनं कोणी ओळखत नाही," मनीषा म्हणाली. "तू फक्त बघ, आणि मला ऑनेस्टली सांग. तिला इकडे आणायचं का, ते मला ठरवायचंय. तिला मात्र बोलू नकोस."

मी हो म्हणाले. असल्या गोष्टीला हो म्हणू नये, एवढी अक्कल मला साठी उलटूनही आलेली नव्हती.

टूवूंबा

टूवूंबा डोंगराच्या माथ्यावर आहे. ब्रिस्बेनच्या विमानतळावरून वर चढेपर्यंत अंगावरचा स्वेटर पुरत होता, घरात शिरल्यावर शाल लागली. तिकडे जुलैत कडक थंडी असते, आणि घरं मात्र थंडी नावाची गोष्ट अस्तित्वातच नाही अशा विश्वासाने बांधलेली. रस्ते रुंद, बागा सुरेख, आणि पायी चालणारं माणूस नाही. कोपऱ्यावर दूध आणायचं तरी गाडी. बसची वाट बघत मी एकदा पाऊण तास उभी राहिले, तर तीन वेगवेगळ्या बायकांनी गाडी थांबवून मला काही त्रास होतोय का, असं विचारलं.

कुंदाच्या गराजमध्ये पाच ड्रम होते. दर गुरुवारी ती एका फिश अँड चिप्सच्या दुकानातून आणि एका क्लबच्या किचनमधून वापरलेलं तेल आणायची. ते आठवडाभर निवळू द्यायचं, कापडी पिशव्यांतून दोनदा गाळायचं आणि गाडीच्या डिकीत बसवलेल्या जादा टाकीत भरायचं. गाडी जुनी, डिझेलची, कपाटासारखी चौकोनी. हे सगळं तिला बॅरीने शिकवलं होतं. तिचा नवरा अशोक त्या गाडीत कधी बसला नाही. वास सहन होत नाही म्हणायचा.

मी तिला विचारलं, हे कशासाठी करतेस. तिला प्रश्नच कळला नाही. लोक फेकून देतात, माझी गाडी त्यावर चालते, मग का करू नये, असं तिचं म्हणणं. नर्सिंगच्या दिवसांतही ती अशीच होती. वापरलेल्या सिरिंजचे खोके जपून ठेवायची आणि त्यांत शिवणाचं सामान भरायची.

सिडनीला विमानाने जाऊ, असं मी पुण्याहूनच सांगितलं होतं. पोचल्याच्या तिसऱ्या दिवशी तिने जाहीर केलं की गाडीने जायचं, तेही समुद्राकाठच्या रस्त्याने नाही, वरच्या पठारावरून. विमानातून काय ढग बघणार का, म्हणाली. तिथे बर्फ पडतो ना, असं मी म्हटलं, तर म्हणाली, कधी कधी. मला तेव्हाच कळलं की हिला मनीषाच्या दारात त्याच गाडीतून उतरायचंय.

निघायच्या आदल्या दिवशी तिने मला गाडी समजावून सांगितली, वॉर्डात नव्या मुलीला सांगावं तशी. गाडीत दोन टाक्या, एक डिझेलची, एक तेलाची. सुरू करायची डिझेलवर. इंजिन तापलं की त्याच्याच गरम पाण्याने तेल पातळ होतं, मग स्टिअरिंगजवळचं बटण खाली दाबून तेलावर जायचं. थांबायच्या आधी मात्र पाच-सात मिनिटं बटण वर, म्हणजे परत डिझेलवर, म्हणजे नळ्यांतलं तेल जळून जातं.

"आणि विसरलं तर?" मी विचारलं.

"थंडीत नळीतच थिजतं. मग सकाळी बसायचं रडत," ती म्हणाली. "पण लक्षात ठेवायला ते काय अवघड आहे का?"

स्टॅन्थॉर्प

सकाळी सातला निघालो. पहिल्या तासात त्या वासाने भूक लागते, दुसऱ्या तासापासून मळमळतं. खिडकी उघडावी तर वारा कापत होता, बंद करावी तर आपण बटाटेवड्याच्या कढईत बसलोय असं वाटायचं. हीटर लाव म्हटलं, तेव्हा कळलं की इंजिनचं गरम पाणी आधी तेलाच्या टाकीकडे जातं, उरलीसुरली ऊब आपल्याला. म्हणजे तेलाची सोय पहिली, माणसांची नंतर. मी दोन पायमोजे, शाल आणि तिच्या नवऱ्याचा कोट घालून बसले होते.

वॉरिक नावाच्या गावात तिने चुकीचं वळण घेतलं. हा रस्ता तिने पन्नास वेळा केलेला. पाच मिनिटांनी तिच्या लक्षात आलं आणि तिने गाडी वळवली. पुढे तिने विचारलं, "तुझ्या निखिलचं लग्न कधी करतेयस?" निखिल माझा मुलगा. त्याच्या लग्नाला चार वर्षं झाली, आणि हिने सुनेला इथून पार्सलने साडी पाठवली होती. मी हसून तिला आठवण करून दिली. तीही हसली, हो गं, डोक्यात नाही राहिलं म्हणाली. तासाभराने तिने परत तेच विचारलं. या वेळी मी त्याच शब्दांत उत्तर दिलं आणि खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर सगळं रान पांढरं होतं. ते गोठलेलं दहिवर आहे हे मला नंतर कळलं, आधी वाटलं कुणी चुना फासलाय.

स्टॅन्थॉर्पच्या अलीकडे चढावर गाडीला दम लागला. खोकत, थांबत एका कडेला उभी राहिली. गार तेलाने फिल्टर चोंदला होता. कुंदाने डिकीतून स्वच्छ टॉवेल काढला, रस्त्याकडेच्या गवतावर पसरला आणि त्यावर पाने, फिल्टर, बोळे ओळीने मांडले, ड्रेसिंगची ट्रॉली लावतात तसे. हातमोजे चढवले. मी टॉर्च धरून उभी होते आणि मनातल्या मनात विमान कंपन्यांची नावं आठवत होते.

तेवढ्यात एक गाडी थांबली. टोपीवाला, तांबूस चेहऱ्याचा माणूस खाली उतरला. "यू राइट, लव्ह?" म्हणाला, म्हणजे मदत हवी आहे का. कुंदा म्हणाली, "नो वरीज, मेट, जस्ट द फिल्टर." त्याने हवेत वास घेतला आणि जवळपास कुठे चिप्स मिळतात का, असं विचारलं. नाही म्हटल्यावर शुभेच्छा देऊन निघून गेला. आपल्याकडे एव्हाना बारा माणसं जमली असती, बाराजणांची तेरा मतं झाली असती आणि कुणीतरी चहाही आणला असता. मला त्या चहाची फार आठवण झाली. इथे मैलोन् मैल टपरी नाही, आणि जी कॅफे असतात ती दुपारी तीनला खुर्च्या उलट्या टाकतात.

फिल्टर बदलून गाडी सुरू व्हायला दुपार झाली. गावात पोचलो तेव्हा तीनला दहा कमी होते, त्यामुळे सफरचंद भरून भाजलेला ॲपल पाय मिळाला. तिथे सफरचंदाच्या बागा आहेत, आणि तो पाय इतका चांगला होता की पाव तास मी कुंदावर रागावले नाही.

गायरा

गायराला पोचेपर्यंत अंधारत आलं होतं. पठारावरचं उंच, छोटं गाव, बटाट्याची शेतं, एक रुंद रस्ता आणि त्यावर चिटपाखरू नाही. शेवटचा अर्धा तास मी सारखी बोलत होते. पाय बधिर झालेत, कोटाला वास लागलाय, मनीषाने विमानाचं तिकीट काढून दिलं असतं, या वयात ही सर्कस कशाला. कुंदा समोर बघून गाडी हाकत होती. मोटेलच्या अंगणात तिने गाडी उभी केली, किल्ली काढली आणि म्हणाली, "झालं? आता उतर." आम्ही तिच्याकडची भाकरी आणि जवसाची चटणी खाल्ली आणि आठलाच झोपलो.

सकाळी मोटेलच्या दारावरच्या मीटरवर उणे सात आकडा होता. काचेवर बर्फाचा थर. कुंदाने किल्ली फिरवली, इंजिन दोनदा कण्हलं आणि गप्प झालं. परत फिरवली, परत तेच. ती म्हणाली, बॅटरी असणार, थंडीने बॅटरी बसते.

मी शेजारी बसले होते. माझी नजर त्या बटणाकडे गेली. ते खालीच होतं.

"कुंदा," मी म्हणाले, "बटण तेलावरच आहे."

तिने बटणाकडे पाहिलं. मग बोटाने ते वर केलं, जणू आता त्याने काही फरक पडणार होता. तिचा चेहरा मी ओळखत होते. पहिल्या वर्षाला असताना एका पेशंटच्या चार्टवर तिने चुकीची वेळ लिहिली होती आणि मेट्रनसमोर उभी होती, तेव्हा तो असाच झाला होता.

"काल तू सारखी बोलत होतीस," ती म्हणाली.

"होते."

"मनीषाला सांगू नकोस."

मी काहीच बोलले नाही. तिने त्याचा अर्थ होकार असा घेतला असणार. मी तो तसा घेऊ दिला, ही माझी चूक, आणि ती मी इथे लिहून ठेवते.

पुढचे चार तास मला आयुष्यभर पुरतील. मोटेलची मालकीण लॉरेन ड्रेसिंग गाऊन आणि लोकरी बूट घालून बाहेर आली, तिने बॉनेटमध्ये डोकावून पाहिलं आणि काही न विचारता आत जाऊन हेअर ड्रायर, लांब वायर आणि गरम पाण्याच्या पाच रबरी पिशव्या घेऊन आली. नंतर किटली भरभरून पाणी देत राहिली. कुंदाने पिशव्या फिल्टरभोवती आणि पंपाभोवती बांधल्या. मला हेअर ड्रायर दिला आणि एक नळी दाखवली, इथून इथपर्यंत, हलवत राहायचं, एका जागी धरायचा नाही. मी एकोणचाळीस वर्षं नोकरी केली, शेवटी सिस्टर-इन-चार्ज होते, आणि परक्या देशात, उणे सात डिग्रीत, एका लोखंडी नळीचे केस वाळवत होते.

नळीतून काढलेलं तेल खरोखरच पिवळ्या मेणासारखं होतं. कुंदाने फिल्टर उतरवला, नवा बसवला, नळ्या मोकळ्या केल्या, छोट्या हातपंपाने डिझेल वर खेचलं, एकेक स्क्रू सैल करून आतली हवा काढली. तिची बोटं निळी पडली होती. पण एकदाही तिला विचार करावा लागला नाही की आता पुढे काय. क्रम चुकला नाही, पाना हरवला नाही. कालची कुंदा आणि ही कुंदा एकच, हे मला पटवून घ्यावं लागत होतं.

साडेअकराला गाडी सुरू झाली. सगळ्या अंगणात निळा धूर आणि तळलेल्या बटाट्यांचा वास पसरला. लॉरेन म्हणाली, तिला आता भूक लागली आहे, आणि तिने आम्हांला आत बोलावून टोस्ट आणि अंडी खायला घातली. पैसे घेतले नाहीत. तिच्याशी बोलताना कुंदाने कारण काय सांगितलं, तर थंडी.

त्या दिवशी टॅमवर्थपर्यंतच गेलो. मी वासाबद्दल तक्रार केली नाही.

क्वेकर्स हिल

तिसऱ्या दिवशी दुपारी मनीषाच्या दारात उतरलो. विटांचं, नीटनेटकं घर, हॉलमध्ये बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर. शेजारपाजारी निम्मी आडनावं आपल्याकडची. मनीषाची नऊ वर्षांची तारा धावत आली, आजीला मिठी मारली आणि नाक चिमटीत धरून म्हणाली, "आजी, युवर कार स्मेल्स लाइक अ चिप शॉप." कुंदाला तो मान वाटला. जेवताना तिने सगळा रस्ता रंगवून सांगितला. ॲपल पाय, दहिवर, टोपीवाला माणूस. गायराबद्दल एवढंच की गाव फार थंड आहे.

मनीषाने मला दुसऱ्या दिवशी किचनमध्ये गाठलं. कुंदा ताराला घेऊन बागेत गेली होती. मनीषा कांदा चिरत होती, आणि न बघताच म्हणाली, "बोल ना, मावशी."

मी सगळं सांगितलं. बटण, वॉरिकचं वळण, निखिलचं लग्न. मी त्या वेळी तिच्या कानाशी किरकिर करत होते, हेही सांगितलं. तिने ती गाडी ज्या सफाईने उघडून परत जुळवली, तसं काम तुझ्या ओळखीच्या एकाही तरण्या माणसाला जमणार नाही, हेही सांगितलं. मनीषाने पहिला भाग नीट ऐकला. दुसऱ्या भागाच्या वेळी ती रडत होती, तेव्हा तिच्यापर्यंत तो किती पोचला, मला माहीत नाही.

ती दोन-चार दिवस थांबेल, शब्द जुळवेल असं मला वाटलं होतं. ती संध्याकाळपर्यंतसुद्धा थांबली नाही. कुंदा बागेतून आली, चहा झाला, आणि मनीषा म्हणाली की आई, आता तू एकटी राहायची नाहीस. जवळच एक युनिट, म्हणजे छोटा फ्लॅट, बघून ठेवलंय. गाडी इथेच विकून टाकू. आणि आधी मेमरीची टेस्ट करून घे. कुंदाने हे कुठून काढलंस असं विचारलं, तर मनीषा म्हणाली, "शोभामावशीनेच सांगितलंय. मीच तिला बघायला सांगितलं होतं."

कुंदाने माझ्याकडे पाहिलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने कप उचलला, विसळला, पालथा घातला आणि खोलीत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाहेर आली ती ठरवूनच. टेस्ट करीन, म्हणाली. किती पेशंटना तिने स्वतः कागदावर घड्याळ काढायला लावलं होतं, किती जणांना पाच शब्द लक्षात ठेवायला सांगितले होते, तिला त्याची भीती नाही. पण टेस्ट टूवूंबाला, तिच्या डॉक्टरकडे. घर सोडायचं की नाही, ते त्यानंतर. आणि गाडी तिच्याबरोबर परत जाणार. मनीषाने हट्ट धरला, तारा दाराआडून ऐकत होती, दोघींचे आवाज चढले. मग मनीषा माझ्याकडे वळली. "मावशी, तू तरी सांग. तूच पाहिलंयस."

माझं परतीचं विमान ब्रिस्बेनहून होतं. मनीषा मला तिथपर्यंतचं तिकीट काढून द्यायला तयार होती. मी म्हणाले, मी कुंदाबरोबर गाडीने जाते. फक्त समुद्राकाठच्या रस्त्याने, जिथे तेल थिजत नाही.

"तुला तिच्याबद्दल भीती वाटते म्हणूनच तू मला सांगितलंस ना?" मनीषाने विचारलं.

"भीती वाटते," मी म्हणाले. "म्हणूनच तिला एकटीला सोडत नाही."

मनीषाला ते अजिबात पटलं नाही. दारात तिने आईचा हात बराच वेळ सोडला नाही. कुंदानेच तो हळूच सोडवला.

ब्रिस्बेन

किनाऱ्याचा रस्ता तीन दिवसांचा. डाव्या हाताला डोंगर, उजव्या हाताला मधूनमधून समुद्र, कॉफ्स हार्बरच्या आसपास चक्क केळीच्या बागा. मी कोट काढून मागे टाकला. गाडीने एकदाही कुरकुर केली नाही, आणि त्याचाच मला राग आला. पहिल्यापासून या रस्त्याने आलो असतो तर मला काही दिसलंच नसतं, आणि काही सांगावंही लागलं नसतं.

कुंदा माझ्याशी कामापुरतं बोलायची. पाणी दे. नकाशा बघ. इथे खायचं का. मुक्कामाच्या आधी बटण वर करताना ती मोठ्याने म्हणायची, "डिझेलवर घेतलं," माझ्याकडे न बघता. मी मान डोलवायचे. चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या मैत्रीत असे तीन दिवस आम्ही कधी काढले नव्हते. होस्टेलमध्ये भांडण झालं तर एकीने दुसरीची वेणी घातली की मिटायचं. आता दोघींचेही केस आखूड.

टूवूंबाला डॉक्टरकडे मी बाहेर बसले. पाऊण तासाने ती आली आणि तिने स्वतःच सांगितलं, आकडेमोड बरोबर, घड्याळ बरोबर, पाचांतले दोन शब्द आठवले नाहीत. रक्ताच्या तपासण्या सांगितल्या आहेत. गाडी गावातल्या गावात चालवायला हरकत नाही, लांब जाताना कुणीतरी बरोबर हवं. सहा महिन्यांनी परत बघू, म्हणाले. हे सगळं तिने मनीषालाही फोनवर तसंच्या तसं सांगितलं, एक शब्द न गाळता. मनीषा तिकडून काय म्हणाली ते मी विचारलं नाही.

निघायच्या दिवशी तिने मला विमानतळावर सोडलं. बरोबर कुणीतरी हवं म्हणून बॅरी मागच्या सीटवर बसून आला होता, पंच्याऐंशीचा, कानाला यंत्र लावलेला. तो बिचारा गाडीतच थांबला. कुंदाने माझी बॅग ढकलत आत आणली. रांगेजवळ आल्यावर ती थांबली आणि नऊ दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहून बोलली.

"मनीषाला खोटं सांगितलं असतंस तर मला राग आला असता," ती म्हणाली. "तू नर्स आहेस. पण गायराला मी तुझ्या शेजारीच होते, शोभा. तेव्हा का नाही बोललीस?"

मी म्हणाले, "बोलले असते तर ऐकलं असतंस?"

"नाही," कुंदा म्हणाली. "पण आधी मला सांगायचं."

मग तिने माझ्या शालीचं टोक नीट केलं, आणि बॅरी वाट बघत असेल म्हणून निघून गेली.